चाकं बसवून जाणारा चोर

रविवार, ८ डिसेंबर १९८५

आज गाडीला नवी चाकं बसली. ॲल्युमिनियमची, पाच पाकळ्यांची. जुनी लोखंडी विकून टाकली. गाडी जुनी फियाट आहे, तीन हात फिरून माझ्याकडे आलेली. या चाकांवर ती दुसऱ्या कोणाची तरी वाटते.

चाकं माणिकने इथे येऊन बसवली, पण मनाविरुद्ध. त्याचं गॅरेज पाच रस्त्याजवळ आहे.

"साहेब, ही चाकं वरातीच्या गाडीला. मुलुंडच्या रस्त्याला लोखंडच पाहिजे. लोखंड वाकतं, मी चार हातोडे मारतो, सरळ. हे वाकत नाही. तडकतं."

मी म्हटलं, मी खड्ड्यातून गाडी नेत नाही.

"मग कुठून नेता?"

मी त्याचे पैसे मोजले.

वसुधा खाली येऊन बघून गेली. "छान आहेत. आता कुठे जायचं?" मी म्हटलं, काही दिवस जाऊ देत. एकदम बाहेर काढायची नाहीत.

मंगळवार, १० डिसेंबर

समोरच्या इमारतीतल्या नंदकिशोर यांची गाडी सकाळी विटांवर उभी होती. चारही चाकं गेली. चाकं साधी होती. साधी चाकं नेणारे लोक माझी चाकं बघतील तेव्हा काय करतील?

विटा आमच्या सोसायटीच्या निघाल्या. आमचा वॉचमन सहदेव मालवणकडचा आहे. त्याने त्या ओळखल्या.

"कंपाउंडाच्या भिंतीक हाडलेले ते. चोर हयसूनच घेवन गेलो."

"तू बघितलंस?"

"बघितलंय तर. माका वाटलां गवंडी इलो."

रविवार, १५ डिसेंबर

दादाकडे गेलो. दर रविवारी सकाळी मी दादरला मोठ्या भावाकडे जातो. पत्ते दिवे लागेपर्यंत चालतात. वसुधाला पत्ते आवडत नाहीत, ती येत नाही. गाडी नेली नाही. दादाच्या गल्लीत तिच्याकडे लक्ष कोण देणार? बसने गेलो, बसने आलो. चाकं जागेवर होती.

कारखान्यातही नेत नाही. कारखान्याची बस आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर

उपाय सापडला. मी ड्राफ्ट्समन आहे हे मला आधी सुचायला हवं होतं.

चोराकडे पान्हा असतो, तो षटकोनी नटाचा. दर चाकाचा एक नट पंचकोनी केला तर चोर तीन नट काढेल आणि चौथ्यापाशी बसून राहील. दुपारच्या सुट्टीत नकाशा काढला. लेथवरच्या लवूने तो उलटासुलटा करून बघितला.

"पाच कोनांचा नट? साहेब, याला पान्हा कुठे मिळणार?"

"कुठेच नाही. तो तूच करायचा. एकच."

"आणि हरवला तर?"

मी वस्तू हरवत नाही.

रविवार, २२ डिसेंबर

नट बसवले. दादाकडे उशिरा गेलो.

मी खाली बसून नट आवळत होतो तेव्हा कुंदा आली. कुंदा वरच्या मजल्यावर राहते. तिचा नवरा बोटीवर असतो. तिची स्वतःची गाडी होती, ती तिने गेल्या वर्षी विकली. ती फटकळ आहे.

"भावोजी, कुलूप झकास केलंत. गाडी काढणार कधी?"

"काढू."

"वसुधाला शिकवा ना. दिवाळीपासून मागे लागलीय ती."

हे खरं आहे. वसुधाने दिवाळीत विचारलं होतं. मी म्हटलं होतं, नवी चाकं येऊ देत. आता चाकं आली, तर ती नवी आहेत. तिला हे पटलं असावं. तिने पुन्हा विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत बायकांची कसलीशी रॅली आहे असं कुंदा पुढे सांगत होती. माझं लक्ष नव्हतं. पंचकोनी नट आवळताना हात सरळ ठेवावा लागतो.

पान्हा लपवायला जागा शोधण्यात तास गेला. कपाट, देव्हारा, गादी या चोराच्या नेहमीच्या जागा. शेवटी स्वयंपाकघरात मसुराच्या डब्यात तळाशी ठेवला. स्वयंपाकघरातले डबे कोण उघडणार?

शुक्रवार, २७ डिसेंबर

जेवायला मसुराची आमटी. चांगली झाली होती. मसूर आमच्याकडे फारसे होत नाहीत.

जेवणानंतर पान्हा तपासला. आहे. पण तळाशी नव्हता, वर होता. मसूर हळूहळू खाली सरकत असणार आणि लोखंड वर येत असणार. उलट व्हायला हवं. उद्या लवूला विचारतो.

सोमवार, ६ जानेवारी १९८६

कोणीतरी गाडीत बसून गेलं आहे.

सीट चार बोटं पुढे आहे. आरसा खाली कललेला आहे. म्हणजे माणूस बुटका, साधारण वसुधाएवढा. काच फुटलेली नाही, कुलूप शाबूत. गाडीची किल्ली घरात दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते, ती तिथेच होती. टोळीकडे दुसरी किल्ली आहे.

सहदेवला विचारलं.

"कोण नाय इलो साहेब."

"सीट आपोआप पुढे सरकली?"

"थंडीन सरकता कधी कधी."

सहदेव हल्ली जाडजूड दिसतो. वसुधा त्याला दुपारी चहा आणि थालीपीठ देते. मी तिला म्हटलं, असं केल्याने माणूस जागा राहतो. ती म्हणाली, "म्हणूनच देते."

शुक्रवार, १७ जानेवारी

संक्रांत झाली आणि हळदीकुंकवं सुरू झाली. वसुधा आणि कुंदा रोज दुपारी कोणाकडे तरी जातात. कारखान्यातून येतो तेव्हा ती नुकतीच आलेली असते, केस विसकटलेले, चेहरा लाल. कुंकू मात्र सकाळचंच. तिळगूळही आणत नाही.

"एवढी हळदीकुंकवं?"

"रथसप्तमीपर्यंत चालतात. तुम्हाला माहीत नसतं."

यंदाची वाणं चांगली आहेत. प्लास्टिकच्या वाट्या बंद झाल्या. बुधवारी तिला पिवळं फडकं मिळालं. काल स्क्रूड्रायव्हर. आज टायरची हवा मोजायची नळी. हे कोणाकडून, म्हणून विचारलं. म्हणाली कुंदाकडून. नळी मी ताबडतोब वापरली. चारही टायरमध्ये हवा अचूक होती. गाडी महिनाभर उभी असून.

गुरुवार, २३ जानेवारी

भाजीत मीठ नव्हतं. मी जेवत असताना वसुधाने विचारलं,

"अहो, ॲल्युमिनियम तडकलं तर जोडता येतं का?"

"पातेलं तडकलं का?"

तिने मला आणखी भात वाढला. "हो. पातेलं."

"केवढा तडा आहे?"

"बोटभर. कडेला."

मी तिला सविस्तर सांगितलं. ॲल्युमिनियम जोडणं सोपं नसतं, जोड दिसतो, भार पडला की पुन्हा तिथेच जातं. शहाणा माणूस अशी वस्तू बदलून टाकतो आणि दुसरी लोखंडी घेतो. तिने नीट ऐकून घेतलं. माझ्या विषयातलं काही तिने इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं.

"चारही बदलावीत?"

"चार पातेली तडकली?"

"एकच. पण बाकीचीही त्याच जातीची आहेत."

मी म्हटलं, मग चारही बदल. एकसारखी असलेली बरी.

शुक्रवार, २४ जानेवारी

चाकं गेली.

संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरलो आणि लांबूनच कळलं. चमक नव्हती. जवळ गेलो तर गाडी विटांवर नव्हती. चाकांवर उभी होती. लोखंडी, काळ्या रंगाची, मजबूत चार चाकं. टायर जवळजवळ नवे. सगळे नट साधे, षटकोनी. माझे चार पंचकोनी नट पुढच्या कप्प्यात वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळून ठेवलेले होते.

मी फूटपाथवर बसलो. सहदेवने पाणी आणून दिलं.

"सहदेव, कोण आलं होतं?"

"कोण नाय."

"चार चाकं बदलली रे! इथे, दिवसाढवळ्या!"

"माका वाटलां..." इथे तो थांबला.

"गवंडी?"

"व्हय."

चौकीवर गेलो. हवालदारांनी फिर्याद घ्यायला कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे चाकं चोरीला गेली."

"हो."

"पण गाडीला चाकं आहेत."

"ती चोराची आहेत."

"म्हणजे चोराची चाकं तुमच्याकडे आहेत." ते खुर्चीत मागे टेकले. "साहेब, फिर्याद नक्की कोणाची घेऊ?"

मी घरी आलो. वसुधाने शिरा केला होता. कारण विचारलं तर म्हणाली, सहज.

रविवार, २६ जानेवारी

ध्वजवंदनानंतर गाडी घेऊन माणिककडे गेलो. तो दुकान बंद ठेवून आत चहा पीत होता. मी चाकं दाखवली. तो वाकून बघेना. उभ्या उभ्याच म्हणाला,

"चांगलं काम आहे."

"चोराचं काम आहे, माणिक."

"चोर जाणकार दिसतो. टायर योग्य मापाचे घातलेत. तुमचे रुंद होते, वळताना घासायचे."

"तुला कसं माहीत वळताना घासायचे? मी गाडी वळवलीच नाही."

माणिकने चहा संपवला. मग दुसरा मागवला. म्हणाला, बघितल्यावर कळतं.

त्याचं एक म्हणणं बरोबर आहे. ही चाकं कोणी नेणार नाही. अशी चाकं रस्त्यावर हजारो आहेत. पण मला त्या माणसाचं कोडं सुटत नाही. त्याने पंचकोनी पान्हा कसा मिळवला? पान्हा मसुरात आहे. त्याला काळं वंगण लागलेलं आहे. आणि नट गुंडाळून परत करणारा चोर कसला? हा माझ्या कामाचा मान ठेवणारा कोणीतरी कारागीर आहे.

नट पुन्हा बसवले नाहीत. ज्याने उघडले त्याच्यापुढे ते पुन्हा लावणं बरं दिसत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

दादाला बरं नव्हतं, पत्ते नव्हते. दुपारी वसुधाला घेऊन पवईपर्यंत गेलो. गाडी हलकी चालते. भांडुपला एका खड्ड्यात चाक गेलं, दणका बसला, काही झालं नाही. उतरून बघितलं. काही नाही. पुढे जरा वेगाने गेलो.

वसुधा शेजारी बसून पायाने खालचा पत्रा दाबत होती. घाबरत असावी. चढावर म्हणाली, "खालचा गिअर टाका."

"तुला काय माहीत?"

"आवाज येतोय ना. मिक्सर अडकल्यासारखा."

मी टाकला. गाडी चढली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गोष्ट गंभीर आहे.

पुढच्या सीटखाली पुठ्ठ्याची गोल चकती सापडली. तिच्यावर मोठा आकडा, सतरा. सोबत छापील कागदाचा अर्धा तुकडा: मुलुंड चेकनाका सात पंचवीस. शीळफाटा आठ पाच. पनवेल आठ चाळीस. खोपोली नऊ पंचवीस. पुढे फाटलं आहे. वर तारीख, सोळा फेब्रुवारी. रविवार.

आता सगळं जुळतं. टोळीने गाडीला क्रमांक दिला आहे. मी रविवारी नसतो हे त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी ते चाकं नेणार नाहीत, अख्खी गाडीच घाटापलीकडे नेणार. म्हणून तर मजबूत चाकं बसवली. त्यांनी गाडी स्वतःच्या प्रवासासाठी तयार करून ठेवली आहे.

वसुधाला कागद दाखवला. तिचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, घाबरू नकोस.

"तुम्ही रविवारी दादांकडे जाणार ना?" तिने विचारलं.

"जाणार. मी थांबलो तर त्यांना कळेल की मला कळलं आहे."

"मग जा. मी आहे."

तिच्या धीराचं मला कौतुक वाटलं. पण मी तिच्या एकटीवर सोडणार नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

घडलं ते क्रमाने लिहितो.

सहा वाजता उठून खाली गेलो. पुढचं डावं चाक काढलं. तो कोपरा विटांवर टेकवला. विटा कंपाउंडच्याच घेतल्या. चार नट खिशात टाकले. चाक जुन्या चादरीत बांधलं. तीन चाकांची गाडी खंडाळ्याला जात नाही.

वसुधा गॅलरीत आली. इतक्या सकाळी तिने पिवळी साडी नेसली होती, पदर खोचलेला.

"अहो, हे काय?"

"चाक घेऊन जातो."

"दादांकडे? चाक?"

"दादाकडे सुरक्षित राहील."

"लोक काय म्हणतील?" ती धावत खाली आली. "चाक ठेवा हो. आजच्या दिवस ठेवा. मी तुमच्या पाया पडते."

मला वाईट वाटलं. माझी एवढी चेष्टा होऊ नये म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. आणि निघालो.

चाक जड असतं. दहा मिनिटं हातात धरून चाललो, मग खाली ठेवलं आणि घरंगळत नेलं. चादर सुटली. चेकनाक्यापर्यंत दोन कुत्री मागे होती.

दादरची बस तिथूनच सुटते. ती येऊन लागायला वेळ होता. मग आली. खिडकीशी बसलो, चाक मांडीवर.

"लगेजचं तिकीट लागेल," कंडक्टर म्हणाला. "गाडी कुठे राहिली काका? मागून येतेय?"

पुढचे चार जण हसले. मी तिकीट घेतलं.

मग खिडकीतून मला माझी गाडी दिसली.

समोरच्या मैदानात गाड्यांची रांग होती. पताका लावल्या होत्या. रांगेतली एकेक गाडी पुढे जात होती आणि माझी गाडी बाजूला उभी होती. दारावर सतरा. डिकी उघडी. मी चोर म्हणून ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग चालवणारी बाई उतरली. पिवळी साडी, पदर खोचलेला. ती साडी मी गेल्या पाडव्याला आणली होती.

तिच्यासमोर गळ्यात शिट्टी घातलेली एक बाई यादी घेऊन मान हलवत होती. शेजारी कुंदा हातवारे करत होती. डिकीत स्टेपनीची जागा रिकामी होती. ती स्टेपनी पुढे डावीकडे लागलेली होती.

बसची घंटा झाली. मी बसून राहिलो असतो तर चाक सुरक्षित दादरला पोचलं असतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

"थांबवा," मी म्हटलं.

"काका, लगेजचे पैसे परत मिळत नाहीत."

चाक घेऊन रस्ता ओलांडला. त्या तिघींची पाठ माझ्याकडे होती.

"स्टेपनीशिवाय सोडता येणार नाही," शिट्टीवाली बाई म्हणत होती. "आणि पुढच्या चाकाला तीनच नट आहेत."

"बाकीच्या तिघांचा एकेक काढून लावलाय," वसुधा म्हणाली. "सगळ्यांना तीन तीन आहेत. चालते गाडी."

"नियम आहे बाई. तुमचं पाचवं चाक कुठे आहे?"

"दादरला गेलंय."

"चाक दादरला गेलं?"

"नवऱ्याबरोबर."

"परत कधी येणार?"

"पत्ते संपल्यावर," कुंदा म्हणाली.

मी घसा साफ केला. तिघी वळल्या. वसुधाने माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी चाक पुढे केलं. खिशातले चार नट काढून त्यावर ठेवले.

"डिकीत ठेवा," ती म्हणाली. "आपटू नका."

मी ठेवलं. तिने पान्हा घेतला आणि खाली बसून एकेका चाकाला चौथा नट लावला. मग सगळे आवळले, एक वरचा, मग त्याच्यासमोरचा. हा बरोबर क्रम आहे. तो पुष्कळ मेकॅनिकना माहीत नसतो. हात सरळ होता.

सात पंचवीसला शिट्टी झाली. वसुधाने क्लच सोडला. गाडी हिसका न देता निघाली. माझ्या हातून ती तशी निघत नाही.

मी दुसरी बस धरून दादाकडे गेलो. तीन डाव हरलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

रजा काढली. काल वसुधा रात्री नऊला आली आणि झोपली. आज सकाळी चहा घेताना बोलली.

एकवीस गाड्यांत नववी आली. घाटात उजवं मागचं चाक दगडावर आदळून वाकलं. माणिकने काल येतानाच चार हातोडे मारून सरळ केलं. ॲल्युमिनियमची तीन चांगली चाकं त्याच्याकडेच आहेत. चौथं नाहूरच्या खड्ड्यात गेलं, ते तिने भंगारात घातलं. हे सगळं तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. लोखंडी चाकं कुंदाच्या जुन्या फियाटची होती. गाडी भंगारात विकताना तिने ती काढून ठेवली होती.

मी म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस.

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

मी विचार केला. "चारही चाकं नेली असती."

ती हसली नाही. कप विसळून आली आणि पुन्हा समोर बसली. पदराच्या टोकाला वंगणाचा डाग होता.

"एप्रिलमध्ये नाशिकची रॅली आहे. त्यात नवराही चालतो. कुंदा येणार नाही म्हणते. घाटात नकाशा वाचायला लागली की तिला उलटी होते. काल दोनदा झाली."

तिने एक छापील फॉर्म समोर ठेवला.

"तुम्हाला नकाशा वाचता येतो ना?"

"मी ड्राफ्ट्समन आहे."

"ते माहीत आहे. शेजारी बसून गप्प राहता येतं का?"

मी उत्तर दिलं नाही. तिने तोच होकार धरला आणि फॉर्मवर माझं नाव लिहिलं.